तपासणीच्या यंत्रापुढे मूल का घाबरते?
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून अभ्यास, निकाल, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी आज एका वेगळ्या परीक्षेविषयी बोलणार आहे. या परीक्षेचे वेळापत्रक लागत नाही आणि तिची तयारीही सहसा कोणी करून घेत नाही. एक्स-रे, सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. यांपैकी एखाद्या तपासणीसाठी आपल्या मुलाला यंत्रापुढे जावे लागते, ती ही परीक्षा. झाडावरून पडून हात मोडला, पोटात वारंवार दुखू लागले, फिट आली, डोके सतत दुखू लागले की डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि आपण मुलाला घेऊन निघतो. आपल्या कोकणातील पालक तर एम.आर.आय.साठी कित्येकदा रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात. फाइल घेतात, पैसे घेतात, डबा घेतात. पण आपल्याला कोठे नेत आहेत आणि तेथे काय होणार आहे, हे मुलाला कोणी सांगितलेले नसते.

या विभागात काम करताना मी ही मुले रोज पाहतो. माझा अनुभव असा की, मूल यंत्राला जितके भिते त्याहून अधिक ते न सांगितलेल्या गोष्टीला भिते. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. तपासणीपूर्वी मुलाला खरे सांगा, त्याच्या वयाला समजेल इतके सांगा आणि वेळेवर सांगा.

या यंत्रांची भीती वाटणे हे काही नवे नाही. विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि डिसेंबरमध्ये आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटातल्या अंगठीसकट स्वतःच्या हाताची हाडे पाहून ती बाई हादरून गेली, असे सांगितले जाते. सी.टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाली. ३ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत रेमंड डमाडियन यांनी माणसाच्या धडाचे चुंबकीय चित्र पहिल्यांदा घेतले, तेव्हा त्यास जवळजवळ पाच तास लागले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड हे आपण तयार केलेल्या यंत्रात स्वतः शिरले. यंत्रापासून हृदयाला अपाय होऊ शकेल, असा इशारा त्यांना देण्यात आला होता. थोर शास्त्रज्ञांनाही जेथे धीर एकवटावा लागला, तेथे पाच वर्षांच्या मुलाने "मी नाही आत जाणार" म्हटले तर त्यात त्याचा काय दोष?

आता मूल नेमके कशाला भिते ते पाहू. तीन-चार वर्षांच्या मुलाला आईपासून दूर होण्याची भीती वाटते. अम्मी दाराबाहेर राहिली की त्याच्या दृष्टीने जग संपले. पाच ते आठ वर्षांच्या मुलाची कल्पनाशक्ती फार धावते. यंत्र मला गिळेल काय, दार उघडलेच नाही तर काय, मी काही खोडी केली म्हणून ही शिक्षा आहे काय, असे प्रश्न त्याच्या मनात येतात आणि ते तो बोलून दाखवीत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाची भीती आणखी वेगळी. त्याने घरातली कुजबुज ऐकलेली असते. आपल्याला काही मोठा आजार आहे आणि तो आपल्यापासून लपविला जात आहे, असे त्याला वाटते. तिघांवरही एकच उपाय चालणार नाही. पहिल्याला जवळीक हवी, दुसऱ्याला माहिती हवी आणि तिसऱ्याला विश्वास हवा.

माहिती द्यावयाची तर ती आधी आपल्याला हवी. म्हणून चारही तपासण्या थोडक्यात सांगतो.

एक्स-रे, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते 'फोटो' म्हणतात तो, क्षणभराचा असतो. थंड पाटीला टेकून उभे राहायचे, श्वास रोखायचा, झाले. छातीच्या एका एक्स-रेमधील किरणांची मात्रा आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळणाऱ्या मात्रेइतकी अल्प असते. सोनोग्राफीत किरण मुळीच नसतात. पोटावर थंडगार, चिकट द्रव लावतात आणि त्यावरून एक लहानसे उपकरण फिरवितात. काही वेळा आधी पाणी पिऊन लघवी रोखावी लागते आणि मुलाला त्याचाच त्रास अधिक होतो. सी.टी. स्कॅनचे यंत्र मोठ्या कड्यासारखे असते. पलंग त्यातून पुढे-मागे सरकतो आणि काम बहुधा काही मिनिटांत आटोपते. शिरेतून औषध द्यावयाचे असेल तर सुई टोचते. औषध गेल्यावर अंगातून एकदम उष्णता गेल्यासारखे वाटते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि कपड्यात लघवी झाली की काय असा भास होतो. हे आधी सांगितलेले नसेल तर मूल शरमेने आणि भीतीने रडू लागते. आधी सांगितलेले असेल तर तेच मूल "आता गरम वाटले" असे हसून सांगते.

एम.आर.आय. ही मुलांना सर्वांत कठीण जाणारी तपासणी. यातही क्ष-किरण नसतात. यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक असतो आणि मुलाला त्याच्या बोगद्यात निजावे लागते. तपासणीला बहुधा वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो आणि तेवढा वेळ हलायचे नाही. चित्र घेताना आतील तारांच्या वेटोळ्यांतून वीजप्रवाह भराभर बदलत जातो, वेटोळी थरथरतात आणि ठकठक, घरघर असा मोठा आवाज होतो. म्हणून कानांत बोळे किंवा कानांवर संरक्षक साधन देतात. आवाज होत आहे याचा अर्थ यंत्र काम करीत आहे, एवढेच. पण हे मुलाला ठाऊक नसेल तर यंत्र मोडून आपल्या अंगावर पडत आहे, असे त्याला वाटल्यास नवल नाही.

मूल हलले की चित्र अस्पष्ट येते. अस्पष्ट चित्रावरून निदान होत नाही. मग तपासणी पुन्हा करावी लागते किंवा गुंगीचे औषध अथवा भूल द्यावी लागते. भूल देणे हे आज तज्ज्ञांच्या हाती सुरक्षित काम आहे, तरी ते औषधच आहे. त्यासाठी उपाशी राहावे लागते, भूलतज्ज्ञाची वेळ घ्यावी लागते, खर्च वाढतो आणि मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावे लागते. घाबरलेल्या मुलामुळे निदान पुढे ढकलले गेले, तर उपचारही पुढे जातो. म्हणून मुलाची भीती घालविणे हा केवळ लाडाचा प्रश्न नाही, तो उपचाराचाच एक भाग आहे.

आता आपण मोठी माणसे काय करतो ते पाहा. "राणीच्या बागेत जायचे आहे" असे सांगून मुलाला घराबाहेर काढतो आणि ते उतरते रुग्णालयाच्या दारात. "काही दुखणार नाही" असे शपथेवर सांगतो आणि पाचच मिनिटांत सुई टोचली जाते. त्या दिवशीचे काम कसेबसे होते. पण ज्या मुलाला आजारामुळे दर सहा महिन्यांनी यावे लागते, ते पुढच्या खेपेस फाटकापासूनच हात सोडवून पळू लागते. त्याचा आपल्या शब्दावरचा विश्वास उडालेला असतो आणि तो परत मिळविणे कोणत्याही औषधाने साधत नाही. घरात "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देतील" ही धमकी तर वर्षभर चालू असते. डॉक्टरला बागुलबुवा आपणच करतो आणि आजारपणी मुलाने त्याच्याच हाती स्वतःला सोपवावे अशी अपेक्षाही आपणच बाळगतो.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, सांगण्याची वेळ. अगदी लहान मुलाला आदल्या दिवशी सांगितले तरी पुरे, आठवडाभर आधी सांगितले तर ते आठवडाभर झुरते. शाळेत जाणाऱ्या मुलाला दोन-चार दिवस आधी सांगा, म्हणजे त्याला प्रश्न विचारण्यास सवड मिळते. किशोरवयीन मुलाला तारीख ठरवितानाच विश्वासात घ्या.

दुसरी गोष्ट, शब्द. "तुझ्या डोक्याच्या आतले फोटो काढणारे मोठे यंत्र आहे. ते तुला शिवणार नाही. आवाज मोठा करील. तू पुतळ्यासारखा पडून राहायचे. मामू बाहेर काचेतून बघत असतील. झाले की आपण घरी येऊ." इतके पुरेसे आहे. सुई असेल तर ती लपवू नका. "मुंगी चावल्यासारखे टोचेल, तू दहापर्यंत आकडे म्हणेपर्यंत ते कमी होईल," असे सांगा. सुईपूर्वी तासभर लावावयाचे बधिरता आणणारे मलम मिळते, त्याविषयी डॉक्टरांना विचारा. ज्या गोष्टीचे उत्तर आपल्याला माहीत नाही, तेथे "आपण दोघे मिळून डॉक्टरांना विचारू" असे म्हणा.

तिसरी गोष्ट, सराव. आपली मुले गल्लीत 'स्टॅच्यू'चा खेळ खेळतात. तोच खेळ घरी पलंगाखाली किंवा मोठ्या खोक्यात निजवून खेळा. पहिल्या दिवशी एक मिनिट, दुसऱ्या दिवशी तीन, मग पाच. श्वास चालू ठेवायचा, डोळे मिटले तरी चालतील, पण डोके हलवायचे नाही. खेळताना जवळ मिक्सर चालू ठेवा, डब्यावर चमच्याने ठकठक करा किंवा एम.आर.आय.चा आवाज मोबाइलवर हळू लावून मग वाढवा. बाहुलीला आधी यंत्रात घाला आणि मुलाला डॉक्टर करा. जे मूल डॉक्टर होऊन बाहुलीला "घाबरू नकोस" म्हणाले, त्याने निम्मी तयारी केली असे समजा.

चौथी गोष्ट, थोडा अधिकार मुलाच्या हाती द्या. तपासणी करायची की नाही, हे विचारू नका, कारण ते त्याच्या हाती नाही. परंतु कोणते कपडे घालायचे, सोबत कोण येणार, परत येताना काय खायचे, कोणत्या हाताला सुई घ्यायची, हे त्याला ठरवू द्या. एम.आर.आय.मध्ये रुग्णाच्या हाती दाबावयाचा एक रबरी फुगा देतात. तो दाबला की बाहेर घंटा वाजते. तो आत जाण्यापूर्वीच मुलाला दाबून पाहू द्या. आपली हाक बाहेर पोहोचते, हे कळले की धीर येतो.

आता सुरक्षिततेच्या दोन गोष्टी, आणि त्या मी आग्रहाने सांगतो.

एम.आर.आय.चा चुंबक सदैव चालू असतो, तपासणी नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत शिरलेल्या एका तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला. म्हणून धातूची कोणतीही वस्तू आत जाता कामा नये. आपल्या घरांत मुलाच्या गळ्यात किंवा दंडावर ताईत असतो, कमरेला चांदीचा करदोडा असतो, मुलींच्या कानांत बाळ्या आणि ओढणीला पिना असतात. चुंबकावर बसणाऱ्या पिनाही हल्ली वापरतात. कापडात शिवलेल्या ताइतातही आत धातूची डबी असू शकते. हे सर्व घरीच उतरवा. ऐनवेळी दारात दादीच्या हातून रडत-भांडत ताईत काढला गेला, तर आपले रक्षण करणारी वस्तूच काढून घेतली असे मुलाला वाटते. त्यापेक्षा आदल्या रात्री दादीनेच तो स्वतः काढावा आणि "हा माझ्याजवळ जपून ठेवते, आलास की परत बांधते" असे सांगावे. दुआ तर कोणत्याही दारात अडत नाही. तसेच मुलाच्या शरीरात पूर्वीच्या शस्त्रक्रियेत बसविलेले एखादे उपकरण, पट्टी किंवा कानातील यंत्र असेल, तर ते आधीच सांगा.

दुसरी गोष्ट उपासाची. गुंगी किंवा भूल द्यावयाची असेल तर पोट रिकामे असावे लागते. नाहीतर उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सर्वसाधारणपणे हलक्या अन्नानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास थांबतात. आपल्या डॉक्टरांनी जी वेळ सांगितली असेल तीच पाळावी. मूल भुकेने कळवळले की नानीचे काळीज तुटते आणि ती कोपऱ्यात नेऊन बिस्किट देते. ही माया जिवावर बेतू शकते. चुकून दिलेच असेल तर लपवू नका. कोणी रागावले तरी चालेल, पण भूलतज्ज्ञाला खरे सांगा.

यानंतर आपल्या चेहऱ्याविषयी. मूल यंत्राकडे पाहण्यापूर्वी आईच्या चेहऱ्याकडे पाहते. आपल्याकडे एका मुलाबरोबर सात नातेवाईक येतात. एक खाला रडते, एक चाचा शेजारच्या मुलाची हकिकत सांगतात आणि अब्बा आखातातून व्हिडिओवर हुंदके देतात. दूर असलेल्या बापाची तगमग मी समजू शकतो. पण त्या भावांनी मुलाशी बोलताना आवाज स्थिर ठेवावा, शाळेचे विचारावे, क्रिकेटचे बोलावे आणि रडायचे ते नंतर रडावे. सोबत दोनच माणसे असावीत आणि त्यातले शांत स्वभावाचे माणूस मुलाजवळ थांबावे. एक्स-रे किंवा सी.टी.च्या खोलीत गरोदर स्त्रीने थांबू नये, तिच्याऐवजी दुसऱ्याने थांबावे. एम.आर.आय.च्या खोलीत पुष्कळ ठिकाणी एका पालकास, अंगावरील धातू काढून, मुलाजवळ बसू देतात. विचारण्यास संकोच करू नका.

आणखीही काही प्रश्न पालकांनी नम्रपणे अवश्य विचारावेत. ही तपासणी कशासाठी आहे? सोनोग्राफीसारख्या बिनकिरणांच्या तपासणीने भागेल काय? पूर्वीची चित्रे चालतील काय? सी.टी. स्कॅनची मात्रा मुलाच्या मापाने ठेवली आहे ना? मुलांना मोठ्यांच्या मात्रेने किरण देऊ नयेत, यासाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००८ मध्ये मोहीम सुरू केली. प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नाही.

मुलींच्या मातांना एक वेगळे सांगणे आहे. वयात आलेल्या मुलीला एक्स-रे किंवा सी.टी.पूर्वी पाळीची तारीख आणि गरोदरपणाविषयी विचारतात. हा प्रश्न त्या वयाच्या प्रत्येक मुलीला, प्रत्येक स्त्रीला विचारला जातो. तो संशयाने विचारलेला नसतो, पोटातील जीवाच्या काळजीने विचारलेला असतो. हे घरीच सांगितले तर मुलगी तेथे खजील होत नाही आणि आईही संतापत नाही. कपडे बदलावे लागतील, हेही आधी सांगा. स्त्री कर्मचारी हवी असेल तर तारीख घेतानाच तशी विनंती करा.

इतके करूनही एखादे मूल आत जाणार नाही. तेव्हा त्याला मारू नका, "शेजारची सलमा तर गेली" असे हिणवू नका. काही मुलांचे वय, आजार किंवा स्वभावच असा असतो की त्यांना भूल देणे हाच दयाळू मार्ग ठरतो. त्यात कोणाचेही अपयश नाही.

रुग्णालयांचीही काही जबाबदारी आहे. एकेकाळी मुलाला रुग्णालयात ठेवले की आईला आठवड्यातून मोजक्या वेळीच भेटू देत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट समितीने पालकांना मुलांजवळ राहू द्यावे, मुलांची आधी तयारी करून घ्यावी, अशा शिफारशी केल्या. नंतरच्या काळात अमेरिकेत यंत्रांची रचना करणारे डग डिट्झ यांनी आपण घडविलेल्या यंत्रापुढे एका लहान मुलीला रडताना पाहिले. त्यांनी यंत्राचे भाग न बदलता खोलीचे रूप बदलले. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात त्यांनी स्कॅनची खोली समुद्रचाच्यांच्या जहाजासारखी रंगविली आणि मुलांना त्या सफरीची गोष्ट सांगण्याची व्यवस्था केली. भूल लागणाऱ्या मुलांची संख्या त्यामुळे पुष्कळ घटली. यंत्र तेच होते, मुलाला त्याची गोष्ट मिळाली होती.

आपल्याला जहाज रंगविणे कदाचित परवडणार नाही. पण गोष्ट सांगण्यास पैसे लागत नाहीत. विद्यार्थी मित्रहो, येथे तुमचे काम आहे. कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचे एक यंत्र तयार करा, त्यातून बाहुली सरकवा, त्याचे आवाज काढा आणि खालच्या वर्गातील मुलांना त्यात निजवून दाखवा. घरात धाकट्या भावंडाची तपासणी असेल तर त्याला घाबरविण्याऐवजी त्याचा सराव घ्या. मोठ्या बहिणीचा शब्द लहान भाऊ कित्येकदा आईच्या शब्दाहून अधिक मानतो. तुमच्यापैकी ज्यांना विज्ञानाची आवड आहे त्यांनी क्ष-किरण तंत्रज्ञ होण्याचाही विचार करावा. या कामाला हुशारी लागते आणि मुलाशी प्रेमाने बोलणारी जीभही लागते. मुलींनी तर या क्षेत्रात अवश्य यावे. त्यांची तेथे फार गरज आहे.

पालकहो, आपण मुलांना शाळेत घालतो ते त्यांना न कळणाऱ्या गोष्टी कळाव्यात म्हणून. आपल्याच शरीराविषयी आणि त्याच्या तपासणीविषयी खरे ऐकण्याचा हक्कही त्यांना आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तर ती खिशात घालण्यापूर्वी मुलाला जवळ बसवा आणि ती त्याला समजावून सांगा.